आधी आत्याच्या तोंडाला

माझ्या आत्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलं की बघायला दुसरं काही उरतच नाही. वर छत, आणि छताच्या आड येणारा आत्याचा चेहरा, तोही उलटा. दातांत दोरा, डोळे बारीक केलेले, आणि गाल असे नितळ, की ही बाई पन्नाशीला टेकली आहे हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला खरं वाटायचं नाही. भुवया होईपर्यंत गिऱ्हाईक त्या गालांकडे बघत राहायचं आणि उठता उठता विचारायचं, "तुम्ही काय लावता हो?" आत्या आरसा पुढे धरायची आणि म्हणायची, "आधी स्वतःच्या भुवया बघा."

तिचं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. पायाने वर-खाली करायची एक खुर्ची, एक बेसिन, घोरल्यासारखा आवाज करणारं वाफेचं मशीन, आणि भिंतीवर बरण्यांची फळी. बाहेर पाटी नाही. मी एकदा म्हटलं, निदान नाव तरी लाव. तर म्हणाली, "पाटी कशाला? मी दारात उभी राहिले की झालं." गर्व म्हणाल तर होता, पण तो कमावलेला होता.

मी तिच्याकडेच राहते. नोकरीसाठी म्हणून चार दिवस आले आणि मुक्काम ठोकला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते, त्यामुळे चेहऱ्यांविषयी बोलायचा थोडा हक्क मलाही आहे असं मी समजते. आत्या तसं समजत नाही. घरात तिसरे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ते भाजीसुद्धा पान्याने पिळल्यासारखी नेटाने करतात, पण चवीला बोट ठेवायला जागा नसते.

आत्याचा एक नियम होता, आणि तो अख्ख्या गल्लीला पाठ होता: आधी माझ्या तोंडाला, मग तुमच्या. नवीन क्रीम येवो, लेप येवो, साबण येवो, ते आधी महिनाभर आत्याच्या डाव्या गालाला. उजव्या गालाला काही नाही. मग आरशासमोर बसून दोन्ही गालांची पंचाईत. पसंत पडलं तर फळीवर, नाही तर कचऱ्यात. एकदा कसल्याशा लेपाने डावा गाल पालकासारखा हिरवा झाला होता आणि त्याच आठवड्यात नात्यातलं लग्न निघालं. आतोबा दार ओढून घेताना गंभीरपणे म्हणाले, "आज मी कुठल्या बाजूने चालू तेवढं सांग." दिवसभर ते तिच्या डावीकडे भिंतीसारखे उभे राहिले. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं मी आत्याला म्हटलं, तर म्हणाली, "नशीब कसलं, मी त्यालाही वापरून बघितला होता आधी."

तिची दुसरी सवय मात्र मला खटकायची. मुरुमं आलेली पोर खुर्चीत बसली की आत्याचा पहिला प्रश्न, "काय खातेस?" उत्तराला ती थांबायची नाही. "तळलेलं बंद. चॉकलेट बंद. लोणी बंद. शेंगदाणे तर बघायचेसुद्धा नाहीत. पाणी पी ढसाढसा." हे सगळं तिला कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. तिच्या गुरू असलेल्या बाई तसं म्हणायच्या, त्यांच्या गुरू तसं म्हणायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. आत्याला मनापासून वाटायचं की मुरुमं म्हणजे जिभेच्या चोचल्यांची शिक्षा, आणि स्वतःचे नितळ गाल म्हणजे आपल्या शहाणपणाचं बक्षीस.

मागच्या गल्लीत कपडे शिवणारी एक बाई राहते, तिची मुलगी अशीच यायची. विशीतली, हुशार, पण कपाळावरून गालावरून केस असे सोडलेले की चेहरा शोधावा लागे. आत्याने तिचं नाव झिपरी ठेवलं होतं. झिपरीच्या आईने आत्याचं बोलणं अक्षरशः पाळलं. तेल बंद म्हणजे बंद, दाणे बंद म्हणजे बंद. पोर वर्ष-दीड वर्ष उकडलेल्या भाज्यांवर आणि सफरचंदांवर काढत होती. मनगटं काटकुळी झाली, केस गळायला लागले, मुरुमं होती तिथेच. आत्या मला म्हणायची, "चोरून खात असणार." मी म्हणायचे, "ती? तिला जोराने शिंकायचीसुद्धा भीती वाटते." पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग समोर काचेचं सलून आलं. गार हवा, पांढरे दिवे, आणि काउंटरवर व्हिटॅमिनच्या बाटल्या. आत्याची गिऱ्हाइकं विचारू लागली, "तुमच्याकडे नाहीत का हो त्या गोळ्या? हल्ली सौंदर्य आतून आणतात म्हणे." आत्याला ते लागलं. लगेच एक बाटलीवाली दारात हजर झाली, चाकांची बॅग ओढत. केसांची एक बाटली, कातडीची एक, नखांची एक, आणि चौथी उत्साहाची. "ठेवून घ्या, आठ दिवसांत संपतील," ती म्हणाली. आत्या म्हणाली, "संपतील, पण आधी मी घेऊन बघणार."

आणि इथे ती फसली. क्रीम एका गालाला लावता येतं. गोळीला डावं-उजवं कळत नाही. बरं, एकेक बाटली महिनाभर घेऊन बघायची तर चार महिने जाणार, आणि तोवर गिऱ्हाइकं रस्ता ओलांडणार. म्हणून तिने चारही एकदम सुरू केल्या. आतोबा कांदा चिरत होते. म्हणाले, "अगं, चार स्क्रू एकदम पिळलेस तर सैल कुठला होता ते कसं कळणार?"

"हे मशीन नाही," आत्या म्हणाली.

"मशीन असतं तर बरं होतं, बोललं असतं," आतोबा म्हणाले आणि कांद्याकडे वळले.

पहिले दोन आठवडे आत्या नुसती उडत होती. उत्साह वाढलाय, नखं चमकतायत, जिना चढताना दम लागत नाही. जिना आमच्या घराला नाहीच, पण ते जाऊ दे. मग एके सकाळी कपाळावर बारीक लाल पुळ्या दिसल्या. पाठोपाठ गालांवर. मग हनुवटीवर. सगळ्या एकसारख्या, जणू कुणी मोजून पेरल्या. ज्या बाईला ऐन वयात मुरुम शिवलं नव्हतं, तिचा चेहरा पन्नाशीत भरून आला. ओठही कोरडे पडून भेगाळले.

घरात चौकशी आयोग बसला. दोष पहिल्यांदा आतोबांच्या कढईला गेला, मग उशीच्या नव्या अभ्र्याला, मग पाण्याच्या टाकीला, शेवटी माझ्या साबणाला. बाटल्यांना कुणी बोट लावलं नाही, कारण त्या तर चेहरा सुधारायला आणलेल्या! उलट आत्याने सरळ हिशोब केला: चेहरा बिघडला म्हणजे व्हिटॅमिन कमी पडतंय. सकाळची एकेक गोळी होती, ती संध्याकाळीही सुरू झाली. अति तिथे माती, हे तिने आजवर किती पोरींना बजावलं असेल, पण घरचं दुकान असलं की माल फुकट वाटतो.

आणि मग लोक बोलू लागले. खुर्चीत मान मागे टाकलेली प्रत्येक बाई वर बघायची आणि तिच्या तोंडून सल्ला निघायचा. दूध बंद करा. दूध वाढवा. अंडी उष्ण असतात हो. रात्री लवकर जेवता का? पोट साफ होतं का? हा शेवटचा प्रश्न तर इतक्या जणींनी विचारला की आतोबा आतून ओरडले, "होतं! रोज सकाळी!" मी हसून हसून बेजार झाले. आत्या हसली नाही. दोरा दातांत धरून ती ऐकत होती, आणि तिचे डोळे पहिल्यांदाच मला म्हातारे वाटले.

बँकेतली एक बाई आत्याकडे अनेक वर्षं येत होती. तिची नजर चुकवायला म्हणून आत्याने मास्क लावायला सुरुवात केली. पण मास्क लावून दोरा दातांत कसा धरणार? मग तो मानेभोवती अडकवून काम करायची ती दुसरी पद्धत तिने उकरून काढली. मानेने ताण देणं आणि दातांनी देणं यात फरक आहे. बँकेतल्या बाईची डावी भुवई जिथे संपायला हवी त्याच्या बरीच आधी संपली. बाई आरशात बघून शांतपणे म्हणाली, "राहू दे, येईल वाढून." ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी तिची पर्स मला समोरच्या काचेआड दिसली.

त्या दिवशी जेवताना आत्याने ताट सरकवलं. "डोळे मिटून कुणी आपला चेहरा दुसऱ्याच्या हातात देतं, ते कशाच्या जोरावर? हिला कळतं, या एका विश्वासावर. तो गेला तर ती खुर्ची काय मी आमच्या म्हातारपणी बसायला ठेवू?" आतोबांनी तिच्या ताटात पुन्हा भात वाढला आणि म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जायचं." आत्याने आयुष्यात त्वचेच्या डॉक्टरची पायरी चढली नव्हती. तिच्या लेखी ते म्हणजे समोरचंच सलून, फक्त पांढरा कोट घातलेलं. तरी ती गेली. मास्क लावून, डोक्यावरून ओढणी घेऊन, चोरासारखी. मी सोबत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी भिंग लावून कपाळ पाहिलं, हनुवटी पाहिली आणि विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत नवीन काय सुरू केलंत?"

आत्याने क्रीम सांगितलं, साबण सांगितला, उशीचा अभ्रासुद्धा सांगितला.

"आणि गोळ्या," मी म्हटलं. आत्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी तरीही चार बाटल्या पिशवीतून काढून ठेवल्या. लपवाछपवी मला जमत नाही, आणि पायही दुखत होता.

डॉक्टरीणबाईंनी बाटल्या फिरवून पाहिल्या. त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं. नावं चार असली तरी आत बराचसा माल एकच होता. चारही बाटल्यांत बी-बारा भरपूर, आणि आत्या ते दिवसातून दोनदा घेत होती. कमतरता असली की हेच व्हिटॅमिन औषध असतं. गरज नसताना ढीगभर घेतलं तर काही जणांना अशाच एकसारख्या पुळ्या येतात. "सगळ्यांना नाही येत. तुम्हाला आल्या." कातडीच्या गोळीत ए व्हिटॅमिन होतं, तेही शरीरात साठून राहतं, ओठ त्यानेच सुकले असावेत. पोटात बाळ असलेल्या बाईने तर ते असं मनाने घेऊच नये, असंही त्या म्हणाल्या. त्यावर आत्याचा चेहरा उतरला. तिची दोन गिऱ्हाइकं त्या वेळी पोटुशी होती. गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत पुळ्या बसतील, रक्त एकदा तपासून घेऊ, एवढंच.

"मग खायचं काय?" आत्याने विचारलं.

"जेवण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भाज्या, डाळी, फळं, अंडी, मूठभर दाणे. गोड आणि मैदा फार झाला की काहींची मुरुमं वाढतात, काहींना दूध बाधतं, ते ज्याचं त्याने बघावं. पण नुसत्या खाण्याने मुरुमं येत नाहीत आणि नुसत्या खाण्याने जातही नाहीत. वय असतं, घराण्यात असतं, शरीरातले बदल असतात."

"पण तेलकट? खाल्लेलं तेल तोंडावर येतं ना?"

"खाल्लेलं तेल पोटात जातं, मावशी. चेहऱ्यावरचं तेल चेहराच करतो."

 परतीच्या वाटेवर गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आत्या थांबली आणि म्हणाली, "शेंगदाणे पण?"

"शेंगदाणे पण," मी म्हटलं.

गोळ्या बंद झाल्या. बाटलीवालीला न फोडलेला माल परत गेला, आणि आत्याने तिला दारातच असं काही सुनावलं की बॅगेची चाकं उंबऱ्यात अडकली. पण पुळ्या काही हुकूम ऐकून उतरत नसतात. त्या होत्या तिथेच होत्या. शेवटी आत्याने ठरवलं, दोन महिने पार्लर बंद. बहिणीकडे गेले असं सांगा. मी म्हटलं, बहिणीकडे गेलेली माणसं फिरून येतात, गिऱ्हाइकं नाही येणार. ती म्हणाली, "अशा तोंडाने कुणाच्या तोंडाला हात लावू?"

माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती खुर्चीवर चादर घालत होती, तेव्हा दारात झिपरी उभी.

"काकू, भुवया करायच्यात. नोकरी लागलीय, कार्डावर फोटो लागतो."

"अरे वा! छान झालं गं," आत्या मास्कच्या आतून म्हणाली. "पण मी बंद करतेय. समोर जा."

"समोर नाही जाणार." झिपरीचा आवाज बारीक होता, पण हलला नाही. "गेले होते एकदा. मोठा दिवा लावतात तोंडावर. मग दोघी-तिघी जमून बघतात. तुमच्याकडे तुम्ही एकट्याच बघता."

आत्याने चादर काढली. झिपरी बसली, मान मागे टाकली, केस मात्र गालावर घट्ट धरून ठेवले. आत्याने दोरा मानेभोवती अडकवला आणि तशीच थांबली. बँकेतल्या बाईची भुवई तिला आठवली असणार. फोटो तर कार्डावर वर्षानुवर्षं राहतो. मग तिने दोरा सोडवला, मास्क काढून फळीवर ठेवला आणि दोरा दातांत धरला.

झिपरीने वर पाहिलं. मी आतल्या दाराशी उभी होते.  आता ही कुठला सल्ला देणार?

"दुखतं का हो, काकू?" झिपरी म्हणाली.

आत्याने दोरा तोंडातून काढला. "काय?"

"हे हनुवटीवरचं. लाल आहे तेव्हा फार दुखतं ना?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दुखतं. उशीला गाल लागला की जाग येते."

"मी उताणी झोपते," झिपरी म्हणाली. "पहिल्यांदा झोप लागत नाही. मग होते सवय."

आत्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते तिने पुसलं नाही. "एवढ्या बायका येऊन गेल्या," ती म्हणाली. "सगळ्यांनी विचारलं काय खाता. हे एकीने नाही विचारलं. आणि मी तरी तुला कधी विचारलं?"

 झिपरी म्हणाली, "मी चोरून खाल्लं नाही कधी. आईला वाटतं मी खाते."

मला रडू फुटलं म्हणून मी बेसिनचा नळ सोडला. आत्याने डोळे पुसले, हात धुतले, आणि भुवया केल्या. इतक्या सावकाश तिला काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्याला दुसरं काही लावलं नाही. मग झिपरीचा हात धरून ती उठली आणि मला म्हणाली, "चल." मास्क फळीवरच राहिला. समोरच्या काचेआड दोन बायका वळून बघत होत्या. आत्याने बघू दिलं.

झिपरीची आई मशीनवर होती, गळ्यात मापाची टेप, आणि ब्लाउज घ्यायला आलेल्या दोघीजणी बाकावर. आत्या दारातूनच बोलली. "तुझ्या पोरीला मी जे जे बंद करायला सांगितलं, ते सगळं चुकीचं सांगितलं. तिला नीट जेवायला घाल."

मशीन थांबलं. आईने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या मनगटांकडे. "मग इतके दिवस ही अर्धपोटी कशापायी राहिली?"

बाकावरच्या दोघी ऐकत होत्या. आत्याने मान खाली घातली नाही.

"माझं ऐकून," ती म्हणाली.

 आईने शिव्या घातल्या असत्या तरी कुणी तिला बोललं नसतं. तिने टेप गळ्यातून काढली, स्टुलावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले, आणि म्हणाली, "बसा. आता नीट सांगा, हिला काय काय देऊ?"

आत्या बसली नाही. जिला आयुष्यभर प्रत्येक पोरीच्या ताटातलं सगळं कळत होतं, ती माझी आत्या म्हणाली, "मला नाही गं माहीत. आपण तिघी मिळून डॉक्टरीणबाईंना विचारू."